चालतंय ना? मग हात नको लावू!

आमच्या क्षेत्रात सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य कुठलं? "माझ्या मशीनवर तर चालतं" हे पहिल्या पाचात नक्की येईल. पण माझं मत विचाराल तर पहिला नंबर "चालतंय ना? मग हात नको लावू" याचाच. लीड बोलतो, मॅनेजर बोलतो, क्लायंट बोलतो. शुक्रवारी संध्याकाळी साडेसहानंतर मीही बोलतो आणि त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही.

पण एका बाबतीत हे वाक्य फार महाग पडतं. ती बाब म्हणजे प्रोग्रामिंग लँग्वेजचं अपग्रेड. जुनं व्हर्जन चालतंय, नवीन आलंय, बदलायचं की नाही? आपल्याकडे याचं उत्तर ठरलेलं असतं : आत्ता नको. मग चार-पाच वर्षं "आत्ता नको" करत गेलं की एक दिवस त्याचा "महाप्रोजेक्ट" होतो. वॉररूम, रविवारची रजा रद्द, पिझ्झा वगैरे वगैरे. माझं म्हणणं एवढंच आहे की अपग्रेड हा प्रोजेक्ट नसतोच मुळी. ती देखभाल असते, आणि देखभालीसारखीच ती दरवर्षी, थोडी थोडी आणि ठरवून करायची असते. आणि हो, ती करणाऱ्या माणसाला त्याचं श्रेय द्यायचं असतं. त्याबद्दल शेवटी बोलूच.

आयटीत नसलेल्या मित्रांसाठी आधी थोडी पार्श्वभूमी. (आयटीवाल्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल.) लिनक्सवर सॉफ्टवेअर 'पॅकेज' म्हणून येतं. पॅकेज म्हणजे गाठोडं, आणि त्यावर एक चिठ्ठी : "मला चालायला अजून हे हे लागतं." त्या 'हे हे'च्याही स्वतःच्या चिठ्ठ्या असतात. लग्नात एका काकांना बोलावलं की त्यांच्या साडूंनाही बोलवावं लागतं, तसंच. आता पायथॉनसारखी लँग्वेज म्हणजे नवरदेवच! हजारो गाठोड्यांच्या चिठ्ठीवर तिचं नाव. त्यामुळे लँग्वेज बदलायची म्हणजे एक गाठोडं काढून दुसरं ठेवायचं, इतकं ते सोपं नाही. त्यावर उभं असलेलं सगळं तपासायचं. शिवाय काही पॅकेजेसमध्ये 'सी'मध्ये लिहिलेला, कम्पाईल केलेला भाग असतो. तो साधारणपणे एका ठरावीक पायथॉन व्हर्जनसाठीच बनवलेला असतो. ३.११ साठी बनवलेली फाईल ३.१२ सहसा उचलतच नाही, पुन्हा बनवावी लागते.

आता मुख्य उदाहरणाकडे येऊ. पायथॉन २ ते पायथॉन ३.

पायथॉन ३.० बाहेर आलं डिसेंबर २००८ मध्ये. पायथॉन २ चं शेवटचं रिलीज, २.७.१८, आलं एप्रिल २०२० मध्ये. मधे साडेअकरा वर्षं! पायथॉन २.७ चा सपोर्ट आधी २०१५ मध्ये संपणार होता. २०१४ मध्ये ती तारीख ढकलून २०२० केली, कारण लोक हललेच नव्हते. मी २०१९ मध्ये नोकरीला लागलो तेव्हा माझं पहिलं कामच जुना पायथॉन २ चा कोड ३ वर नेणं हे होतं. म्हणजे मी दहावीलाही बसलो नव्हतो तेव्हा आलेल्या व्हर्जनवर मी इंजिनिअर होऊन कोड हलवत होतो.

एवढा बदल केला तरी कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर मंडळी, त्यातला सगळ्यात मोठा बदल हा आपल्या मराठी माणसाच्या फायद्याचा होता! पायथॉन २ मध्ये साधी स्ट्रिंग म्हणजे नुसते बाइट्स. 'मराठी' हा शब्द यूटीएफ-८ मध्ये लिहून त्याची लांबी विचारली तर ते सांगायचं १५. पायथॉन ३ सांगतं ५, कारण ते म, र, ठ यांच्याबरोबर काना आणि वेलांटीही वेगळे मोजतं. शाळेतल्या मराठीच्या बाईंना हेही पटणार नाही, त्यांच्या हिशोबाने अक्षरं तीनच. पण १५ पेक्षा ५ बरे.

खरी गंमत पुढे. पायथॉन २ मध्ये बाइट्सची स्ट्रिंग आणि युनिकोडची स्ट्रिंग एकमेकींत मिसळता यायच्या. म्हणजे इंग्रजी असेपर्यंत यायच्या! टेस्टमध्ये 'जॉन' असतो, सगळं हिरवंगार. प्रॉडक्शनमध्ये पहिला 'ज्ञानेश्वर' आला की प्रोग्राम धाडकन आडवा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर ज्या बाइटने सुरू होतं त्याचा नंबर २२४, आणि ॲस्कीची धाव १२७ पर्यंत. त्यामुळे त्या एररमध्ये तोच तो बाइट दिसायचा. पायथॉन ३ ने ठणकावून सांगितलं, मजकूर वेगळा आणि बाइट्स वेगळे, मिसळायचे असतील तर आधी रूपांतर करा. चूक आधी कळायला लागली. तेव्हा बदल योग्य होता की नाही यावर निदान मी तरी वाद घालणार नाही.

चुकलं ते बदलाचं व्यवस्थापन. सुरुवातीची कल्पना अशी होती की '२टू३' नावाचं एक टूल येईल, ते तुमचा कोड भाषांतरित करेल आणि तुम्ही एका उडीत पलीकडे जाल. पण लायब्ररी लिहिणाऱ्याला अशी उडी मारताच येत नाही. त्याचे अर्धे वापरणारे अलीकडच्या काठावर, अर्धे पलीकडे! त्याला एकच कोड दोन्हीकडे चालायला हवा असतो. प्रत्यक्षात लोकांनी तेच केलं. त्यासाठी 'सिक्स' नावाची छोटी लायब्ररी आली (दोन गुणिले तीन म्हणून सिक्स!). आणि २०१२ मध्ये पायथॉन ३.३ ने युनिकोड स्ट्रिंगच्या आधी 'यू' लावायची जुनी पद्धत पुन्हा चालू केली. हा 'यू' ३.० मध्ये काढून टाकला होता. एक अक्षर परत आणलं आणि दोन्हीकडे चालणारा कोड लिहिणं कितीतरी सुसह्य झालं. पूल बांधायला चार वर्षं लागली म्हणायची.

इन्स्टाग्रामने २०१७ मध्ये पायथॉन ३ वर गेल्याचं जाहीर केलं. त्यांनी वेगळी ब्रँच काढून वर्षभर कुठेतरी कोपऱ्यात काम केलं नाही. मुख्य कोडमध्येच, रोजची फीचर्स चालू ठेवून, दोन्हीकडे चालेल असा बदल करत गेले. मला यातलं मर्म हेच वाटतं. जुनं आणि नवं काही काळ शेजारी शेजारी नांदलं पाहिजे.

लिनक्सच्या डिस्ट्रिब्युशन्सनी मात्र हे शास्त्र चांगलंच कमावलंय. कारण त्यांच्याकडे हजारो पॅकेजेस, बहुतेक काम स्वयंसेवकांचं, आणि "वॉररूममध्ये या" असं कुणाला सांगायची सोय नाही. त्यामुळे पद्धत चोख असावी लागते.

डेबियनचं बघा. तिथे पायथॉन ३ चं नवं व्हर्जन आलं की तीन पायऱ्या असतात. पहिली, नवं व्हर्जन 'हेही चालतं' म्हणून यादीत घालायचं, डीफॉल्ट जुनंच. कम्पाईल केलेली पॅकेजेस या काळात दोन्ही व्हर्जन्ससाठी बनवली जातात. दुसरी, पुरेशी पॅकेजेस तयार झाली की डीफॉल्ट बदलायचं. तिसरी, जुनं काढून टाकायचं. बास! आपल्या सोसायटीत पाण्याची जुनी लाईन बदलताना आधी नवी लाईन टाकतात, मग एकेक फ्लॅट तिच्यावर घेतात आणि शेवटी जुनी कापतात. आधी जुनी कापली तर चेअरमनच्या दारात बादल्या घेऊन रांग लागेल. हे सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना कळतं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मात्र "एका वीकएंडला सगळं स्विच करू" असं म्हणणारा एक तरी निघतोच.

फेडोराची मांडणी वेगळी आहे. डेबियनमध्ये शुद्ध पायथॉनमध्ये लिहिलेली पॅकेजेस सगळ्या ३.क्ष व्हर्जन्ससाठी एकाच सामाईक फोल्डरमध्ये राहतात, त्यामुळे ती पुन्हा बनवावी लागत नाहीत. फेडोरात फोल्डरच्या नावातच व्हर्जन असतं, म्हणजे दरवेळी सगळंच पुन्हा बनवायचं. मग ते काय करतात? नवं पायथॉन अजून अल्फा अवस्थेत असतानाच वेगळ्या जागी सगळी पॅकेजेस त्याच्यावर बनवून बघायला सुरुवात करतात. जे जे मोडेल त्याचे बग त्या त्या प्रकल्पाला आधीच कळवतात. प्रत्यक्ष बदलाच्या वेळी एका बाजूच्या रांगेत सगळं बनवतात आणि तयार झालं की एकदम मुख्य रांगेत आणतात. यात एक मजेशीर अडचण येते. पॅकेज बनवायला लागतं सेटअपटूल्स, तपासायला लागतं पायटेस्ट, आणि ही दोघं स्वतःच पॅकेजेस! आधी कोंबडी की आधी अंडं? तर पहिल्या फेरीत काही पॅकेजेस टेस्ट न करता बनवायची, त्यांच्या जोरावर बाकीची बनवायची, आणि मग पहिली पुन्हा नीट टेस्टसकट बनवायची. हा क्रम लिहून ठेवलेला असतो. कुणा एका सीनिअरच्या डोक्यात नसतो. (आपल्याकडे तो सीनिअर नोटीस पीरियडवर असतो.)

घाई केली की काय होतं याचंही उदाहरण आहे. आर्च लिनक्सने ऑक्टोबर २०१० मध्येच नुसत्या 'पायथॉन' या कमांडचा अर्थ पायथॉन ३ असा केला. ज्या स्क्रिप्ट्सच्या पहिल्या ओळीत नुसतं 'पायथॉन' लिहिलं होतं आणि आत पायथॉन २ चा कोड होता, त्या मोडल्या. आर्चचे वापरणारे हौशी, त्यांनी निभावलं. डेबियनने उलट टोक पकडलं. २०२१ च्या डेबियन ११ मध्ये नुसतं 'पायथॉन' मुळात ठेवलंच नाही. हवं असेल तर 'पायथॉन-इज-पायथॉन३' नावाचं पॅकेज तुम्ही स्वतः टाका! नाव वाचून हसू येतं, पण विचार पक्का आहे : अर्थ संदिग्ध असेल तर अंदाज करू नका, माणसाला निवडू द्या. आणि २०२३ च्या डेबियन १२ मधून पायथॉन २.७ पूर्ण गेलं. सावकाश, पण गेलं.

दुसरा धडा, सिस्टिमचं पायथॉन वेगळं आणि आपलं वेगळं. सेंटओएस ६ मध्ये 'यम' हा पॅकेज मॅनेजर पायथॉन २.६ वर चालायचा. लोक उत्साहाने सिस्टिमचं पायथॉन बदलून २.७ करायचे, आणि यम बंद पडायचा. म्हणजे आता दुरुस्तीसाठी काही इन्स्टॉल करायचं तर तेही जमणार नाही! बसल्या फांदीवर कुऱ्हाड, दुसरं काय. म्हणून हल्ली डेबियन १२ वर तुम्ही सिस्टिमच्या पायथॉनमध्ये 'पिप'ने काही कोंबायला गेलात तर ते सरळ नकार देतं आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवा म्हणून सांगतं. याला शिव्या घालणारे बरेच आहेत. मला ते दारावरच्या वॉचमनसारखं वाटतं. कटकट करतो, पण असलेला बरा.

आता "३ वर गेलो, सुटलो" असं कुणाला वाटत असेल तर तसंही नाही. २०१८ मध्ये पायथॉन ३.७ ने 'ॲसिंक' हा शब्द राखीव केला. सेलेरी या लोकप्रिय लायब्ररीत याच नावाचं मॉड्यूल होतं, ते मोडलं. २०२१ मध्ये ३.१० आलं, आणि व्हर्जनची पहिली तीन अक्षरं कापून घेणाऱ्या कोडला ते ३.१ वाटायला लागलं! यामलच्या फाईलमध्ये ३.१० अवतरणाशिवाय लिहिलं की त्याची संख्या होते आणि शेवटचं शून्य गळतं, तेही आहेच. २०२३ मध्ये ३.१२ मधून 'डिस्ट्युटिल्स' गेलं. पण बघा, यातली प्रत्येक गोष्ट छोटी आहे. ॲसिंकचं नाव बदलायला एक दुपार. डिस्ट्युटिल्स जाणार हे ३.१० पासून सांगत होते. पायथॉनचं नवं व्हर्जन आता दर ऑक्टोबरला येतं आणि प्रत्येक व्हर्जनला पाच वर्षं सपोर्ट मिळतो. दरवर्षी एक पाऊल टाकलं तर दरवर्षी दोन-तीन दुपारी. पाच वर्षांनी एकदम टाकलं तर या सगळ्या दुपारी एकमेकींवर पडतात, आणि काय कशामुळे मोडलं हेच कळत नाही.

यावर नेहमीचे आक्षेप येतात. "क्लायंटला यातून काय मिळतं?" दिसण्यासारखं काहीच नाही, मान्य. पण लायब्ररीज जुन्या व्हर्जनला सोडून पुढे जातात. जँगोने डिसेंबर २०१७ मध्ये २.० काढताना पायथॉन २ सोडलं, खुद्द पिपने जानेवारी २०२१ मध्ये सोडलं. 'मला अमुक पायथॉन लागतं' ही चिठ्ठी वाचून पिप तुम्हाला जुनी लायब्ररी निमूटपणे देत राहतं. ही सोय छानच आहे, पण तिच्यामुळे आपण मागे पडतोय हे कळतही नाही. मग एखाद्या दिवशी सिक्युरिटीचा फिक्स फक्त नव्या लायब्ररीत येतो आणि ऑडिटर दारात उभा राहतो.

"आम्ही सगळं कंटेनरमध्ये टाकलंय." छान! पण कंटेनर म्हणजे फ्रीज. फ्रीजमधली भाजी टिकते जास्त, ताजी होत नाही.

"आम्ही पैसे मोजून सपोर्ट घेतो." हा आक्षेप मात्र प्रामाणिक आहे. पायथॉन ३.६ चा मूळ सपोर्ट डिसेंबर २०२१ मध्ये संपला, पण रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ८ बरोबर येणारं ३.६ रेड हॅट २०२९ पर्यंत सांभाळणार आहे. बँकेला, हॉस्पिटलला हे परवडत असेल तर त्यांनी जरूर घ्यावं. फक्त लक्षात ठेवा, तुम्ही काम टाळलेलं नाही, दुसऱ्याला पगार देऊन करून घेताय. कुणीतरी ते करतंच आहे.

आणि हा 'कुणीतरी'च या लेखाचं खरं कारण आहे.

माझ्या आधीच्या कंपनीत (नाव सांगत नाही, विचारू नका) एक सहकारी होती. कंपनीची स्वतःची साठेक अंतर्गत पॅकेजेस होती, जुन्या पायथॉनवर. कित्येकांच्या चिठ्ठीवर "३.१० च्या वर चालणार नाही" असं लिहिलेलं, आणि का ते कुणालाच आठवत नव्हतं. तिने आधी कोण कुणावर अवलंबून आहे याचा नकाशा काढला. मग पानापासून मुळाकडे नाही, तर मुळापासून पानाकडे, म्हणजे ज्याच्यावर सगळे उभे त्याच्यापासून सुरुवात केली. सहा महिने दोन्ही व्हर्जन्सवर टेस्ट चालवल्या. त्या मर्यादा एकेक काढून बघितल्या, बऱ्याच नुसत्याच भीतीपोटी घातलेल्या निघाल्या. ज्या दिवशी डीफॉल्ट बदललं त्या दिवशी काहीही झालं नाही. एकही कॉल नाही, एकही तिकीट नाही. आम्ही दुपारी नेहमीसारखं वडापाव खायला गेलो.

अप्रेझलमध्ये तिला विचारलं गेलं, "या वर्षी तुझ्याकडून व्हिजिबल असं काय डिलिव्हर झालं?" रेटिंग मिळालं 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स'. त्याच वर्षी दुसऱ्या टीमने एका रात्रीत स्विच केलं, दोन दिवस सिस्टिम बंद पडली, त्यांनी जागून ती उभी केली आणि त्यांना टाऊनहॉलमध्ये स्टेजवर बोलावून पुरस्कार दिला. तिने चार महिन्यांनी राजीनामा दिला. तो नकाशा अजून वापरात आहे की नाही, देव जाणे.

आग विझवणाऱ्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण आग लागूच न देणाऱ्याला 'काम काय केलंस' विचारणारी कंपनी स्वतःच्या हाताने पुढचा महाप्रोजेक्ट पेरत असते. "हात नको लावू" हे वाक्य आळसातून येत नाही, असं मला आता वाटतं. ते या हिशोबातून येतं. हात लावून सगळं सुरळीत झालं तर श्रेय शून्य, आणि मोडलं तर नाव आपलं. मग शहाणा माणूस हात कशाला लावेल?

तेव्हा माझ्या मागण्या साध्या आहेत. एक, दरवर्षी एक तिमाही ठरवा ज्यात लँग्वेजचं व्हर्जन एक पाऊल पुढे जाईल, आणि ते रोडमॅपवर फीचरच्या शेजारी लिहा. दोन, पुढच्या व्हर्जनवर टेस्ट आजपासून चालवा, लाल आल्या तरी चालेल, निदान दिसतील तरी. तीन, टेस्टमध्ये डेप्रिकेशन वॉर्निंगला एरर समजा. नाहीतर त्या कुणीही वाचत नाही. चार, जुनं कधी काढणार याची तारीख नवं आणतानाच लिहा, नाहीतर दोन्ही लाईनी जन्मभर सांभाळाव्या लागतात. आणि पाच, जे मोडलं नाही त्याचीही नोंद अप्रेझलमध्ये घ्या.

पाचवी मागणी सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात अवघडही. मॅनेजर मंडळींपैकी कुणी इथपर्यंत वाचलं असेल तर एवढंच करा. सोमवारी टीमला दोन प्रश्न विचारा. आपण कुठल्या व्हर्जनवर आहोत, आणि त्याचा सपोर्ट कधी संपतो? ज्याला दोन्ही उत्तरं तोंडपाठ असतील, तो माणूस यंदाच्या अप्रेझलपर्यंत लक्षात ठेवा.